मोरोबादादांच्या वाड्यातले नवे मास्तर

पायातले बूट काढा. मोजेही काढा. मनगटावरचं घड्याळ कुणी पाहिलं तर गल्लीतली पोरं घरापर्यंत मागे लागतील, तेव्हा तेही ठेवून द्या. आता हे धोतर नेसा. कासोटा नीट खोचा, कारण दिवसभर मांडी घालून बसायचंय आणि मधल्या सुट्टीत पळायचंही आहे. अंगात बाराबंदी, खांद्यावर उपरणं. डोक्यावरून हात फिरवून बघा: चारी बाजूंनी गुळगुळीत, मधे शेंडी. वारा लागून टाळू गार पडलीय ना? त्यावर टोपी घाला. तुमचं वय आता तेरा वर्षं. आजचा दिवस संपेपर्यंत तेराच राहील.

पुणं आहे. १८८० चं इंग्रजी साल नुकतंच लागलंय. थंडी अशी की न्हाणीघरातून बाहेर आलात तर अंगातून वाफा निघतात. गल्लीत गोवऱ्यांचा धूर गुडघ्यापर्यंत साचलाय. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून भाताची पेज उतू गेल्याचा वास येतोय आणि तुमच्या पोटात खड्डा पडलाय. तुमचं गाव कोकणात. पुण्यात तुम्ही एकटे. सात घरी सात वार लावलेत, त्या त्या वारी त्या त्या घरी जेवायचं. आजचं घर जरा लवकर उरकणारं होतं. ताक-भात मिळाला, वर मेतकूट आणि लिंबाची फोड. खरकटं काढून, शेण फिरवून, हात धुऊन निघालात. हाताला अजून मेतकुटाचा वास आहे.

तुमच्या काखेत पाटी, पितळी दौत आणि दोन बोरू आहेत. पुस्तक एकच, तेही उसनं. चला, अकराच्या आत पोहोचायचंय.

बुधवारात शिरलात की डावीकडे उजवीकडे बघत चाला, नाहीतर टांग्याच्या घोड्याचं तोंड तुमच्या मानेवर येईल. पखालवाला भिश्ती धुळीवर पाणी शिंपडत चाललाय. ओल्या मातीचा, लिदीचा आणि अत्तराच्या दुकानाचा वास एकत्र नाकात शिरतो. तुळशीबागेच्या नगारखान्यातून चौघडा ऐकू येतोय. आणि मग एकदम उघडं आभाळ लागतं. इथे पेशव्यांचा बुधवारवाडा होता. गेल्या मे महिन्यात तो आगीत गेला. मधे एक पावसाळा होऊन गेला, तरी जवळून चाललात तर जळक्या सागवानाचा वास येतो. पोरं तिथून कोळसे उचलून आणतात आणि भिंतींवर चित्रं काढतात. तुम्ही तो उद्योग उद्या करा. आज उशीर होतोय.

हा मोरोबादादांचा वाडा. नाना फडणविसांचे चुलतभाऊ मोरोबा, त्यांच्या नावाचा. दिंडी इतकी ठेंगणी की तुमच्यासारख्या तेरा वर्षांच्या पोरालाही मान वाकवावी लागते. उंबरा ओलांडला की अंगावर गारवा येतो. चौकात फरशी, कडेला पाण्याचा हौद, वर सुरूदार कोरीव खांब आणि त्यांच्या आडव्या तुळयांवर पारव्यांची घुटुरघूं. सारवलेल्या जमिनीचा वास आहे आणि बरीच वर्षं बंद राहिलेल्या माडीचाही. शाळा म्हणून फार काही दिसत नाही. सतरंज्या आहेत, एक फळा आहे, भिंतीला टेकवलेला नकाशा आहे. बाहेर पाटी लिहून लावलेलं नाव वाचा: न्यू इंग्लिश स्कूल.

तुम्ही सरकारी शाळा पाहिलेली आहे. तिथल्या पट्टेवाल्याच्या छातीवर चकचकीत बिल्ला असतो आणि त्याला बघूनच घशाला कोरड पडते. इथल्या शिपायाला बिल्ला नाही. तो हौदाच्या काठावर घंटा ठेवून उभा आहे आणि तुमच्या पायांकडे बघतोय. पाय धुतल्याशिवाय सतरंजीवर नाही, असं तो सांगतो. गार पाण्याने पाय धुवा. बोटं बधिर होतील, होऊ द्या. वर्षभर तुमचा सर्वांत जास्त संबंध या माणसाशी येणार आहे. घंटा त्याची, पाण्याचा माठ त्याचा, पावसात गळणाऱ्या कोपऱ्यात घंगाळ कुठे ठेवायचं हे त्यालाच ठाऊक. शाळांच्या इतिहासात अशा माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, हे मला फार लागतं. निदान तुम्ही त्याला ओळखून ठेवा.

ओसरीवर जाजम टाकून एकजण नावं लिहून घेतोय, आणि लिहिता लिहिता तिघांशी बोलतोय. हे माधवराव नामजोशी. वय सव्वीस-सत्तावीस. यांच्याजवळ पदवी नाही, पण सगळी शाळा यांच्या खटपटीवर उभी आहे. कुणाकडून बाकं मागायची, कुणाकडून वर्गणी काढायची, कोणत्या गृहस्थाच्या घरी सकाळी गेलं तर तो भेटतो आणि संध्याकाळी गेलं तर टाळतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. वर्तमानपत्र चालवायचाही त्यांना नाद आहे, त्यामुळे बोटांना शाई. तुमचं नाव विचारतील, वडिलांचं विचारतील, जेवता कुठे तेही विचारतील. वार लावून जेवतो म्हणताना मान खाली घालू नका. या ओसरीवर ती लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही.

घंटा झाली. पळा.

पहिला तास गणिताचा. मास्तर आत आले आणि तुम्ही उठून उभे राहिलात, पण तुमचा क्षणभर गोंधळ झालाय, कारण मास्तर म्हणजे म्हातारा अशी तुमची समजूत. हे तेवीस वर्षांचे आहेत. डोक्याला पागोटं, अंगावर उपरणं, छाती रुंद, दंड कसलेले. कॉलेजात असताना एक अख्खं वर्ष यांनी तालमीला आणि पोहण्याला दिलं, अभ्यास बाजूला ठेवून. नजर अशी की वर्गाच्या मागच्या रांगेतलं चुळबुळणं आपोआप थांबतं. बळवंतराव टिळक. नुकतेच वकिलीची परीक्षा उतरलेत. म्हणजे कोर्टात उभे राहिले असते तर पैसा होता. ते इथे तुमच्या समोर, सतरंजीच्या कडेला उभे आहेत.

गणित तोंडीच घालतात. एका हौदाला दोन नळ. पहिला एकटा सोडला तर हौद सहा तासांत भरतो, दुसरा एकटा सोडला तर बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल?

तुम्ही पाटीवर पेन्सिल टेकवलीत. ती कर्रकन वाजली. मास्तरांनी तुमच्याकडे बघितलं. पेन्सिल खाली ठेवायची आहे, हे कुणी न सांगता तुम्हाला कळलं. हौद समोर आहे, दारातून दिसतोय, त्याच्याकडे बघून विचार करायचा. एका तासात पहिला नळ किती भरेल? सहावा हिस्सा. दुसरा? बारावा. सहावा म्हणजे दोन बारावे. त्यात एक बारावा मिळवला की तीन बारावे, म्हणजे पाव हौद. तासाला पाव, तर चार तास! तुमच्या तोंडून उत्तर निघालं तेव्हा तुम्हीच दचकलात. मास्तरांनी मान हलवली आणि लगेच पुढचं गणित घातलं. शाबासकी वगैरे नाही. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्यात ना?

आता जरा कठीण गोष्ट. पुढच्या गणितात तुम्ही मागे पडाल. त्याच्या पुढच्यात आणखी मागे. या मास्तरांना पायऱ्या गाळायची सवय आहे. त्यांना त्या लागत नाहीत. हुशार पोरं त्यांच्या मागून उड्या मारत जातात, बाकीची मधेच कुठेतरी लटकतात. तास संपल्यावर ओसरीत गाठून विचारा. बहुतेक वेळा तिथे उभ्या उभ्या, सुपारीचं खांड तोंडात टाकत समजावतील. कोपऱ्यात एकट्याला सांगताना त्यांचा आवाज वर्गापेक्षा मऊ होतो, असं मला नेहमी वाटत आलंय.

दुसरा तास चालू होण्याआधी पोरांमधे कुजबुज उठते. शास्त्रीबोवा येतायत! हे विष्णुशास्त्री चिपळूणकर. शाळेची कल्पना यांची. ‘निबंधमाला’ लिहिणारे ते हेच. तिचे अंक तुमच्या गावच्या पोस्टमास्तरांकडे येत आणि चार माणसं जमवून मोठ्याने वाचले जात. तुम्ही दाराआडून ऐकलेत. आता तोच लिहिणारा हात पुस्तकाचं पान उलटताना दोन हातांवर दिसतोय. सगळ्या मास्तरांत हे वडील, आणि यांचीही तिशी उलटलेली नाही. परवापरवापर्यंत रत्नागिरीला सरकारी शाळेत नोकरीला होते. राजीनामा देऊन आले. सरकारी नोकरी सोडली हे ऐकून त्या वेळच्या पुण्यात किती घरांत माणसांनी कपाळावर हात मारला असेल, याचा अंदाज तुम्हाला तुमच्या वडिलांच्या चेहऱ्यावरून येईल.

ते इंग्रजी वाचतात. मोठं वाक्य, वळणावळणाचं, लांबच लांब. मग थांबतात आणि त्याच ऐटीचं मराठी वाक्य रचून सांगतात. वर्गात कुणी हलत नाही. वर पारवे मात्र हलतात. शास्त्रीबोवांच्या अंगाला छापखान्याच्या शाईचा वास आहे. जवळ बसलात तर येईल.

एक विनंती आहे. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, ते इथे बोलू नका. दोन वर्षांनी, १८८२ च्या मार्चमध्ये, हा आवाज थांबणार आहे. बत्तिसावं वर्षही पुरं होणार नाही. वर्गात ते कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. तुम्ही फक्त ऐका. जमेल तेवढं लक्षात ठेवा.

मधली सुट्टी. सगळा वाडा चौकात उतरतो. हौदावर रेटारेटी, माठाभोवती रेटारेटी. कुणाच्या फडक्यात गूळ-दाणे आहेत, कुणाकडे सकाळची भाकरी. वार लावून जेवणाऱ्या पोरांकडे काही नसतं; ते पाणी पितात आणि विटीदांडू मांडतात. ऊन आता चौकात पुरं उतरलंय आणि फरशीवर पाय टेकवत नाहीत. विटी उडून माडीवर गेली. ती आणायला वर गेलात तर एका खोलीत मास्तरमंडळी दिसतील. कुणी निजलेलं नाही. आपल्याला कधी, किती मिळणार याचं बोलणंही नाही, कारण या पहिल्या वर्षी टिळक आणि शास्त्रीबोवा शाळेतून काही घेतच नाहीत. बोलणं चाललंय ते कोणत्या इयत्तेला कोणतं पुस्तक लावायचं याचं. आवाज चढलेत. भांडतायत की काय असं वाटेल. या माणसांचं बोलणं असंच असतं, त्याची सवय करून घ्या. विटी घ्या आणि मुकाट्याने खाली या.

खाली आलात की एकदा सगळ्यांकडे नीट बघा. कपाळावरची गंधं बघा, गळ्यातली जानवी बघा. बहुतेक एकाच जातीची पोरं. मुलगी एकही नाही. याच बुधवारात, इथून चालत जाण्याच्या अंतरावर भिड्यांचा वाडा आहे. तिथे १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. त्या शाळेत जाणाऱ्या बाईंच्या अंगावर याच गल्ल्यांतून चिखल-शेण उडालं. तुम्ही सकाळी त्याच रस्त्याने आलात. मला ही नवी शाळा मनापासून आवडते, हिच्या मास्तरांवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच चौकात कोण नाही ते तुम्हाला दाखवल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही.

घंटा. दुपारी संस्कृत. पोट अर्धं, डोळे जड, बाहेर कुठे तरी मिरच्यांची फोडणी पडलीय आणि अख्खा वर्ग खोकतोय. काही महिन्यांनी या तासाला वामनराव आपटे येऊ लागतील, तेव्हा तुमची पेंग कायमची जाईल, म्हणून आपण थोडे महिने ओलांडून थेट त्यांच्याच तासाला बसू. बाहेर आता पाऊस आहे. कोपऱ्यात शिपायाचं घंगाळ टप् टप् वाजतंय. ओली उपरणी खुंट्यांवर, त्यांचा कुबट वास, आणि समोर एम. ए. झालेला एक शिडशिडीत तरुण. वय बावीस. सावंतवाडीकडचा. आईवडील लहानपणीच गेले, कोल्हापुरात शिकून वर आला. यांच्या तासाला भांडारकरांचं पुस्तक विसरलात तर उभं राहावं लागेल.

तुम्ही पाटीवर लिहिलंय: रामः वने गच्छति. पाटी त्यांनी उचलली. रागावले नाहीत. विचारलं, राम वनात पोहोचलेला आहे की अजून वाटेवर आहे? तुम्ही म्हणालात, वाटेवर. मग ज्याच्याकडे जायचं ते कर्म, आणि कर्माची द्वितीया. बोटाने ‘वने’ पुसलं, पाटी परत दिली. तुम्ही ‘वनं’ लिहिलंत. पाटीवर त्यांच्या ओल्या बोटाचा ठसा राहिलाय. एवढं एक वाक्य, पण हेच ते नुसतं चूक म्हणून पुसून पुढे गेले असते तर तुम्ही उद्या पुन्हा तेच लिहिलं असतंत. पुढच्या वर्षी संस्कृत वाक्यरचनेवर ते पुस्तक काढतील. आणखी दहा वर्षांत त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश निघेल, आणि तुमच्या शतकात, तुमच्या गावातल्या वाचनालयात, तो अजून कपाटात असेल. त्यातली बारीक नजर इथे, तुमच्यासारख्यांच्या चुका रोज पुसता पुसता मुरली, असं मला वाटतं.

पाऊस थांबला, दसरा झाला, दिवाळी झाली. वाड्यात आता पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या दिवशी मूठभर पोरं होती. वर्षअखेरीस पटावर ३३६ नावं आहेत. पाच वर्षांत हजारावर जातील. माधवराव जिन्याखालचं अडगळीचं सामान हलवून तिथे वर्ग बसतो का ते पावलांनी मोजतायत. भरीला याच वाड्यात छापखानाही आलाय. खिळ्यांच्या पेट्या मास्तरांनी स्वतः खांद्यावरून वाहून आणल्या, असं सांगतात. खालून यंत्राचा खडखडाट येतो आणि भूगोलाच्या तासाला नद्यांची नावं ओरडून सांगावी लागतात.

जानेवारी पुन्हा आला. ओसरीवरून एक नवे मास्तर येतायत. उंच, गालफडं बसलेली, अंगावरचा सदरा स्वच्छ पण धुऊन धुऊन विरलेला. कॉलेजात असताना यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. गोपाळराव आगरकर. टिळकांबरोबर या शाळेची स्वप्नं बघणाऱ्यांपैकीच, पण एम. ए. पुरं करायचं होतं म्हणून वर्षभर मागे राहिले. घरी आई वाट बघतेय की मुलगा मोठ्या पगारावर लागेल. त्यांनी तिला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सगळा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे.

जिना चढून आल्यावर त्यांना दम लागतो. छाती भरते, ते खांबाला हात लावून उभे राहतात, आणि वर्ग गप्प बसून वाट बघतो. मग बोलायला लागतात आणि तुम्ही धाप विसरता. बाकीचे मास्तर तुम्हाला उत्तराकडे नेत होते. हे तुमचं उत्तर घेतात आणि विचारतात, कशावरून? तुम्ही म्हणता, पुस्तकात आहे. कशावरून? वडील म्हणतात. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल, तुम्ही स्वतः पडताळून पाहिलंत का? मागच्या रांगेतला एकजण ग्रहणाच्या वेळी अंघोळ का करतात ते सांगायला उठला आणि अर्ध्या वाक्यात थांबला. कुणी हसलं नाही. मास्तरांनीही हसू दिलं नाही. त्याला बोलायला लावलं, शेवटपर्यंत. आज रात्री ज्या घरी तुमचा वार आहे तिथे हे कशावरून विचारू नका. जेवण जाईल. पण प्रश्न डोक्यात शिरलाय आणि तो आता निघणार नाही.

तेवढ्यात खाली चौकात आरडाओरडा. दिंडीतून कुणीतरी धावत आलंय, पागोटं हातात, धोतर सुटायच्या बेतात. मॅट्रिकचा निकाल! आपल्या पहिल्याच तुकडीतल्या मुलाने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. अख्ख्या मुंबई इलाख्यातून संस्कृतात चमकणाऱ्याला ती मिळते, आणि वर्षापूर्वी जिचं कुणी नावही ऐकलं नव्हतं त्या शाळेत ती आलीय. जिन्यावरून सगळे एकदम उतरायला बघतात. तुमच्या पाठीत कुणाचं तरी कोपर, पायावर कुणाची तरी टाच. छापखान्यातले खिळे जुळवणारे काळ्या हातांनी बाहेर आलेत. शिपाई कुणी न सांगता घंटा बडवतोय. माधवराव खडीसाखर वाटतायत, मूठ मूठ, हिशेब न ठेवता. टिळक मास्तर हौदाजवळ उभे आहेत, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तुम्ही त्यांना मोकळं हसताना पाहता. शास्त्रीबोवा त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून काही बोलतायत. गलक्यात ऐकू येत नाही.

खडीसाखर गालात धरून तुम्ही वर्गात परत येता. आपटे मास्तर आधीच येऊन बसलेत. त्यांनाही साखर मिळालीय, हातात तशीच आहे. फळ्यावर तीन वाक्यं लिहून ठेवलीत आणि तिन्हींत एकेक चूक आहे. पाटी काढा.